रॉकेट विमानाने, मोटर मैदानावर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. छंदाचं रॉकेट विमानातून नेता येतं, त्याची मोटर नेता येत नाही. ना केबिनमध्ये, ना चेक-इन बॅगेत, ना 'एवढीशीच तर आहे' म्हणून पर्सच्या कप्प्यात. नियम कळायला फार वेळ लागत नाही. पण अमेरिकेतल्या विमानतळावर, आपल्या रंगारूपात आणि आपल्या उच्चारात, काउंटरवरच्या बाईंना 'या बॅगेत रॉकेट आहे' असं सांगायचं धैर्य गोळा करायला मला सप्टेंबरपासून नोव्हेंबर उजाडला. कोणाला हे करायचं असेल तर त्यांची झोप जरा कमी उडावी, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी मिनियापोलिसला राहते, मूळची साताऱ्याची. रॉकेटचा नाद मुलीच्या शाळेतल्या उपक्रमामुळे लागला. तिचा ओसरला, माझा राहिला. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, प्लॅस्टिकचं नाक, आत पॅराशूट आणि बुडाशी मोटर, एवढाच कारभार. मोटरींना इंग्रजी अक्षरं असतात आणि दर अक्षरागणिक ताकदीची मर्यादा दुप्पट होते. ए-बी-सी या पोरांच्या. मोटरीची एकूण ताकद न्यूटन-सेकंदांत मोजतात; १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढे एच सुरू होते, आणि तिथून पुढची मोटर घ्यायची तर प्रमाणपत्र लागतं. इथे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे एनएआर, आणि ट्रिपोली या दोन संस्था ते देतात. त्याची पहिली पायरी म्हणजे लेव्हल १, तिला लेखी परीक्षा नाही. स्वतः बांधलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरवर उडवायचं, ते पॅराशूटवर नीट खाली आलं पाहिजे, पुन्हा उडवण्याच्या अवस्थेत हाती लागलं पाहिजे, आणि हे सगळं साक्षीदार सभासदांसमोर व्हायला हवं.

माझं रॉकेट रंगून तयार झालं तेव्हा आमच्याकडचा उन्हाळा सरत आला होता. २०२३ ची दिवाळी आम्ही मावसबहिणीकडे, कॅलिफोर्नियात रँचो कुकामोंगाला करायची ठरवलीच होती. ताईच्या घरापासून दीडेक तासावर ल्युसर्न व्हॅलीचं कोरडं तळं आहे. तिथे रॉकेट्री ऑर्गनायझेशन ऑफ कॅलिफोर्निया हा क्लब महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उड्डाणं घेतो. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार ११ तारखेला, लक्ष्मीपूजन १२ ला. एवढा योग जुळून आल्यावर नवरा म्हणाला, "जा की मग." तो हे बोलला तेव्हा त्याला वाटलं होतं मी रॉकेट कुरिअरने पाठवणार.

कुरिअरचा विचार मी केला होता. पुठ्ठ्याची लांब पेटी, त्यात पंख न मोडतील असं भरण, जायचं भाडं आणि यायचं भाडं, हे जोडल्यावर आकडा विमानातल्या जादा बॅगेच्या कितीतरी पुढे गेला. शिवाय पेटी वेळेत पोचेल की नाही ही टांगती तलवार. म्हणून विमान.

सप्टेंबरचे शनिवार-रविवार नियम वाचण्यात गेले. दोन सरकारी खाती लक्षात ठेवायची. विमानतळावर तपासणी करते ती टीएसए, आणि विमानात कोणता धोकादायक माल चढू शकतो हे पाहते ती एफएए. टीएसएच्या संकेतस्थळावर काय नेता येतं याची वर्णानुक्रमे यादी आहे. त्यात मॉडेल रॉकेटच्या मोटरीपुढे केबिनला 'नाही' आणि चेक-इनलाही 'नाही' असं स्वच्छ लिहिलंय. यात हॉबीच्या दुकानात पाकिटात टांगून ठेवलेल्या, पोरांसाठीच्या मोटरीही आल्या. आणि मोटर नाही म्हणजे नुसती मोटर नाही असं नव्हे. मोटर पेटवणारा इग्नायटर नाही, पॅराशूट बाहेर ढकलणारी काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारू, तीही नाही, अगदी चिमूटभरसुद्धा नाही. इग्नायटर म्हणजे टोकाला मसाला लावलेली दोन तारांची काडी. तो विजेच्या सामानाच्या डबीत चुकून राहायची शक्यता सर्वांत जास्त, तेव्हा निघण्याआधी ती डबी टेबलावर पूर्ण उलटी करा.

इंटरनेटवर जुने सल्ले पुष्कळ सापडतात आणि ते गोंधळात टाकतात. त्यातले बरेच २००९ च्या आधीचे आहेत. तेव्हा अमोनियम परक्लोरेटचं संमिश्र इंधन, म्हणजे एपीसीपी, सरकारच्या स्फोटकांच्या यादीत होतं आणि परवाने लागत. एनएआर आणि ट्रिपोली दोघींनी मिळून खटला लढवला आणि मार्च २००९ मध्ये न्यायालयाने ते यादीतून काढायला लावलं. यावरून काही जण असा अर्थ काढतात की आता मोटर बॅगेत चालेल. नाही चालत. घरात ठेवायला परवाना न लागणं वेगळं आणि वाहतुकीतली धोकादायक वर्गवारी वेगळी. ती वर्गवारी कायम आहे आणि दंड हजारो डॉलरांत आहेत.

मग टीएसएला थेट विचारलं. 'आस्कटीएसए' नावाने ते समाजमाध्यमांवर प्रश्न घेतात, फोटोही पाठवता येतो. मी रॉकेट उघडून, सगळे भाग सतरंजीवर मांडून फोटो काढला आणि पाठवला. उत्तर आलं की मोटर आणि ज्वलनशील काही नसेल तर हरकत नाही, मात्र अंतिम निर्णय त्या वेळी तिथे असलेल्या अधिकाऱ्याचा. हे शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक उत्तरात असतं, त्याने घाबरायचं नाही. तरी मी त्या संवादाची छापील प्रत काढून घेतली. विमान कंपनीला फोन केला तिथे मात्र संगीत ऐकण्यातच संध्याकाळ गेली. पहिल्या माणसाने 'रॉकेट' ऐकून वरिष्ठांकडे दिलं, वरिष्ठांनी धोकादायक मालाच्या विभागाकडे, आणि तिथे फोन कटला. दुसऱ्या वेळी मी वाक्य बदललं. "पुठ्ठा आणि प्लायवूडचं मॉडेल आहे, रिकामं आहे, बॅगेचं माप किती चालेल?" दोन मिनिटांत उत्तर मिळालं. लपवायचं काही नाही, पण प्रश्न मापाचा असेल तर मापाचाच विचारावा.

खरी डोकेदुखी माप हीच निघाली. इथल्या बहुतेक विमान कंपन्यांत चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून ६२ इंच आणि वजन ५० पौंड ही मर्यादा. त्यापुढे गेलात की जादा शुल्क. माझं रॉकेट उभं केलं तर मुलीच्या उंचीचं, पण त्याचे तीन तुकडे होतात: खालची पंखांची नळी, वरची नळी आणि नाक. अडचण पंखांची. ते नळीच्या भिंतीतून आत जाऊन चिकटवलेले असतात, निघत नाहीत. म्हणजे बॅग नळीच्या लांबीवर नाही, पंखांच्या पसाऱ्यावर ठरते. तीस इंची बॅग बरोबर बसली, पण एका पंखाचं टोक बॅगेच्या भिंतीला टेकत होतं. तिथे अंघोळीचा टॉवेल. नळीच्या आत मोजे आणि मुलीचे टीशर्ट भरले, म्हणजे नळी दाबली जात नाही आणि जागाही वाया जात नाही. पण एक टोक मोकळं ठेवलं, कपडे सैल ठेवले. तपासणाऱ्याला नळीतून आरपार बघता आलं पाहिजे. दोन्ही टोकं बंद असलेली नळी आणि आत तारा, हे क्ष-किरणांच्या पडद्यावर कसं दिसेल याचा विचार करा, मग पुढचं सांगायची गरज उरत नाही.

याच कारणाने वायर आणि बॅटरी असलेलं काहीच नळीत ठेवलं नाही. माझ्याकडे उंची मोजणारा छोटा अल्टिमीटर होता आणि जॉली लॉजिकचा 'शूट रिलीज'. हा पॅराशूटला रबराने बांधून ठेवतो आणि ठरवलेल्या उंचीवर सोडतो, म्हणजे रॉकेट वाऱ्याबरोबर मैलभर जात नाही. दोन्हींत लिथियमच्या लहान बॅटऱ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्यायच्या आणि टोकांना टेप लावायची. १०० वॅट-तासांपर्यंत कोणाची परवानगी लागत नाही आणि या बॅटऱ्या त्याच्या आसपासही नसतात. मी उपकरणंही केबिनमध्येच ठेवली. उलट ड्रिलचं पातं, कटर आणि लांब स्क्रूड्रायव्हर हे सगळं चेक-इनला. सात इंचांपेक्षा लांब अवजार केबिनमध्ये चालत नाही, आणि ड्रिलचं पातं तर कितीही लहान असलं तरी नाही. रंगाचा स्प्रे घरीच ठेवला. इपॉक्सी हे घट्ट धरणारं चिकटद्रव्य न्यावं की नाही यावर मी वेळ घालवला आणि शेवटी तेही घरीच ठेवलं. ज्वलनशील नसलेलं चालतं, पण ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून कोणाला पटवत कोण बसणार? रॉकेटला रंगाचा नवा हात द्यायचा असेल तर तो निघण्याच्या बरंच आधी द्या. ताज्या रंगाचा थिनरसारखा वास असलेली बॅग उघडली जाण्याची शक्यता जास्त, असं क्लबातल्या जुन्या लोकांनी सांगितलं.

मोटरीचं काम ऑक्टोबरमध्ये केलं. ल्युसर्नला येणाऱ्या विक्रेत्याला ईमेल केली, सभासद क्रमांक दिला आणि एच-१३५ ची एक मोटर मागवली. एकदाच वापरून टाकायची, २९ मिलिमीटरची. किंमत तेव्हा पंचेचाळीस डॉलरच्या आसपास होती. मैदानावर घेतली की धोकादायक माल पाठवायचं कुरिअरचं वेगळं शुल्क वाचतं. मोटरीची पुन्हा वापरायची ॲल्युमिनियमची नळी, म्हणजे केसिंगही मिळते आणि कोरी असेल तर ती नेता येते. पण वापरलेल्या केसिंगमध्ये काजळी असते आणि दिसायलाही ती भलतीच दिसते. पहिल्या विमानप्रवासासाठी एकदा वापरून टाकायची मोटरच बरी, हे माझं ठाम मत. एनएआरचं सभासदत्व तेव्हा वर्षाला साठ-पासष्ट डॉलर होतं, त्यात विमाही येतो. प्रमाणपत्राचा अर्ज आपणच छापून न्यायचा असतो. मी दोन प्रती नेल्या, एक रॉकेटच्या बॅगेत आणि एक माझ्याजवळ.

गुरुवारी, ९ नोव्हेंबरला निघालो. शुक्रवारी व्हेटरन्स डेची सुट्टी असल्याने विमानतळावर गर्दी. नवऱ्याने गाडीतच सांगून टाकलं, "तू काउंटरवर बोलशील तेव्हा मी जरा लांब उभा राहीन, मुलीला सांभाळतो." मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला सांभाळावं लागत नाही.

ऑनलाइन चेक-इन करताना 'धोकादायक वस्तू नाहीत' यावर टिचकी मारावी लागते. ती मारताना हात थबकला, पण ते खरंच होतं. बॅगेत सगळ्यात वर एक कागद ठेवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत: हे मॉडेल रॉकेट आहे, मोटर नाही, इग्नायटर नाही, काळी दारू नाही, आणि माझा फोन नंबर. खाली किटच्या माहितीपत्रकाचं चित्रवालं पान आणि टीएसएच्या उत्तराची प्रत. काउंटरवर बाईंनी बॅग वजनावर ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं की आत नाजूक काही आहे का. मी घरी आरशासमोर घोकलेलं वाक्य म्हटलं, "मॉडेल रॉकेट आहे, इंजिनाशिवाय. वर कागद ठेवलाय." त्या म्हणाल्या, "माझ्या भाच्याकडे आहे तसलं. झाडावर अडकलंय." आणि नाजूक मालाची चिकटपट्टी लावून बॅग सोडली. पहिल्या बॅगेचे तेव्हा ३० डॉलर लागले, दुसऱ्या बॅगेचे ४०. एवढंच. माझ्या पाठीला आलेला घाम कोणत्याच यादीत नव्हता.

एक सांगते, तिथे विनोद करायचा मोह होतो, विशेषतः समोरचा माणूस हसून बोलला की. करू नका. माहिती द्या, थोडक्यात द्या, आणि गप्प बसा.

सुरक्षा तपासणीत आमची बॅग बाजूला काढलीच, पण ती अल्टिमीटरची नव्हे, फराळाची. बेसनाचे लाडू डब्यात गच्च भरले होते, आणि घट्ट, दाट खाद्यपदार्थ यंत्राला संशयास्पद वाटतात. अधिकाऱ्याने डबा उघडला, तपासणीची कापडी पट्टी फिरवली, यंत्रात घातली, परत दिला. माझी उपकरणं दुसऱ्या बॅगेत होती म्हणून बरं. लाडूंच्या शेजारी तारा आणि बॅटऱ्या असत्या तर बोलणं लांबलं असतं. तेव्हा दिवाळीत जाणार असाल तर फराळ आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगवेगळ्या बॅगेत.

डेन्व्हरला विमान बदलून रात्री ओंटारियोला उतरलो. हे ओंटारियो कॅलिफोर्नियातलं, कॅनडातलं नव्हे. तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघून घ्या, ताईच्या सासूबाई पुण्याहून फोनवर दोन दिवस "एवढ्या लांब कॅनडाला कशाला उतरताय" असं विचारत होत्या. बॅग पट्ट्यावर आली. घरी उघडली तर आत टीएसएची छापील चिठ्ठी: तुमची बॅग तपासणीसाठी उघडली होती. कागद हललेला होता, मोजे नळीबाहेर काढून परत कोंबलेले होते आणि मी अळूवडीसारखं नीट गुंडाळलेलं पॅराशूट बोळा होऊन बसलं होतं. यात तक्रार काही नाही, त्यांचं काम आहे ते. पण उड्डाणाची घडी घरून घालून नेण्यात अर्थ नाही, मुक्कामी पोचल्यावरच घाला. बॅगेला कुलूप लावायचं तर टीएसएला उघडता येणारंच लावा, नाहीतर ते तोडतात.

शुक्रवारी सकाळी उजेडात एकेक पंख हलवून पाहिला. एका पंखाच्या मुळाशी, इपॉक्सीच्या गोलाईवर, केसाएवढी चीर दिसली. बॅग कुठेतरी आपटली असणार. भाऊजी मला लगेच हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी सात-आठ डॉलरला मिळालं. पॉलिश कागदाने घासून, लावून, दिवसभर अंगणात उन्हात ठेवलं. 'पाच मिनिटांचं' म्हणतात ते फक्त पकड धरायला. पूर्ण ताकद यायला बरेच तास लागतात. म्हणूनच मुक्काम उड्डाणाच्या आदल्या रात्रीचा नको, मध्ये एक अख्खा दिवस हवा. हा दिवस नसता तर शनिवारी उड्डाणाच्या मैदानावरून मला परत पाठवलं असतं.

शनिवारी पहाटे निघालो. हायवे १५ ने कॅहोन खिंड चढून वर गेलं की हवा एकदम कोरडी होते, जोशुआची झाडं दिसायला लागतात. ल्युसर्नचं तळं म्हणजे भेगाळलेल्या चिकणमातीचा सपाट पत्रा, साधारण २,८०० फुटांवर. झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. पाणी भरपूर न्या, टोपी न्या, आणि नोव्हेंबर असला तरी पहाटेसाठी जाडसर जाकीट न्या. वारा दुपारी उठतो, म्हणून ज्यांना प्रमाणपत्राचं उड्डाण करायचंय त्यांनी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं.

विक्रेत्याच्या टेबलावर माझ्या नावाची पुडी तयार होती. सभासद कार्ड बघून त्याने प्रमाणपत्राच्याच उड्डाणासाठी म्हणून मोटर दिली. त्यात मोटर, इग्नायटर आणि छोट्या कुपीत काळी दारू. ज्या तीन गोष्टींनी माझे दोन महिने खाल्ले, त्या अशा हातात आल्या. मोटर जळून संपल्यावर चौदा सेकंदांनी दारू पेटते, पण माझ्या रॉकेटला तेवढा उशीर परवडणारा नव्हता, ते तोवर नाक खाली करून जमिनीकडे निघालं असतं. म्हणून विलंबाचा मसाला सहा सेकंदांनी कमी करण्यासाठी खास हत्याराने भोक पाडलं. साक्षीदार गृहस्थ शेजारी बसून बघत होते. ते सत्तरीचे असतील, हात लावला नाही, फक्त एकदा म्हणाले, "सावकाश."

मग सुरक्षा अधिकाऱ्याकडे. वजन, गुरुत्वमध्य कुठे, हवेचा दाबमध्य (हवेचा जोर एकवटतो ती जागा) कुठे, दोहोंत किमान नळीच्या एका व्यासाएवढं अंतर आहे का, मोटर निसटणार नाही ना, पॅराशूट सहज सुटतंय ना. पंख त्यांनी चांगलेच हलवून पाहिले, दुरुस्त केलेला तर दोनदा. मोटरीचा जोर रॉकेटच्या वजनाच्या किमान पाचपट हवा. माझा सातपटीच्या वर होता. कार्डावर सही झाली, उड्डाणाच्या उभ्या रेलवर रॉकेट चढवलं, इग्नायटर सरकवला, क्लिपा लावल्या आणि शंभर फुटांच्या पलीकडे येऊन उभी राहिले. मुलीने फोन धरला होता. नवरा या वेळी शेजारी होता.

उड्डाणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उलटी मोजणी झाली, पांढरा धूर, आवाज थोडा उशिरा पोचला, आणि रॉकेट सरळ गेलं. वर छोटा ढग दिसला, म्हणजे दारू पेटली. पॅराशूट चारशे फुटांवर उघडलं, कारण शूट रिलीजला तेवढंच सांगितलं होतं. चालत जाऊन उचललं. अल्टिमीटरवर १,३८६ फूट. दुरुस्तीची जागा शाबूत होती. अर्जावर सह्या झाल्या. त्याच महिन्याच्या २१ तारखेला केरळातल्या थुंब्याहून झालेल्या भारताच्या पहिल्या रॉकेट उड्डाणाला साठ वर्षं होत होती. तिथे एके काळी रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे, आणि मी चिकटपट्टी लावलेल्या बॅगेसाठी दोन महिने रडत होते, हे मनात येऊन हसू आलं.

आता परतीचं. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण जाताना रॉकेट कोरं असतं आणि येताना त्याच्यावर काळ्या दारूची काजळी असते. विमानतळावर हातावर किंवा बॅगेवर जी कापडी पट्टी फिरवतात, ती स्फोटकांचे सूक्ष्म अंश शोधण्यासाठीच असते. जळलेली मोटर मी मैदानावरच विक्रेत्याकडे टाकून दिली. पॅराशूटला आचेपासून वाचवणारं कापड सगळ्यात जास्त काळं झालं होतं. ते दहा-बारा डॉलरचं, तिथल्याच एका शाळकरी मुलाला देऊन टाकलं. नळीचा आतला भाग धुता येत नाही, तो ओल्या कागदी रुमालांनी पुसून काढला, रुमाल काळे यायचे थांबेपर्यंत. दोरी साबणाने धुतली. मैदानावरचे कपडे ताईकडे मशीनला लावले, बूट ब्रशने घासले. रविवारी सकाळी अभ्यंगस्नानाला ताईने उटणं लावलं तेव्हा मी नखांच्या कडा जरा जास्तच चोळल्या. काजळी लागलेली एकही वस्तू केबिनच्या बॅगेत ठेवली नाही. फटाके तिथे उडवायचेच नव्हते, त्या भागात बंदी आहे, त्यामुळे हातांना पुन्हा दारू लागायचा प्रश्न नव्हता. भारतात असता तर फुलबाजी धरलेल्या हाताने तसेच विमानतळावर जाऊ नका.

मंगळवारी, पाडव्याला परत निघालो. या खेपेला माझ्या तळहातांवर पट्टी फिरवली. यंत्राने विचार केल्यासारखा वेळ घेतला, मग हिरवा दिवा. काउंटरवर तेच वाक्य, तीच चिकटपट्टी. फक्त बॅगेतला कागद बदलला होता: 'वापरलेलं' हा शब्द जोडला होता. घरी आल्यावर बॅगेत पुन्हा तीच तपासणीची चिठ्ठी. पंख नीट होते, कारण या वेळी टॉवेल दोन होते.

पुण्या-मुंबईहून इथल्या स्पर्धांना येणाऱ्या विद्यार्थ्यांनी विचारलं म्हणून: बॅटऱ्या आणि मोटरींचे विमानातले नियम आंतरराष्ट्रीय आहेत, भारतातून निघतानाही मोटर चालत नाही. मोटर अमेरिकेतच मागवायची आणि मैदानावर घ्यायची. इलेक्ट्रॉनिक्सची खरेदीची बिलं आणि स्पर्धेचं निमंत्रणपत्र हाताशी ठेवा, सीमाशुल्कवाले विचारू शकतात. नळ्या एकाच बॅगेत कोंबण्यापेक्षा संघातल्या चौघांच्या बॅगांत वाटून घ्या, पण पंखांचा भाग ज्याच्याकडे असेल त्याच्या बॅगेतच ओळख सांगणारा कागद हवा.

माझा खर्च जोडला तर रॉकेटमुळे वाढलेला भाग असा: जादा बॅगेचे जाता-येता ८० डॉलर, मोटर, क्लबचं त्या दिवसाचं शुल्क आणि इपॉक्सी. विमानाचं तिकीट दिवाळीच्या खात्यावर. आता लेव्हल २ चा विचार चाललाय. त्याला लेखी परीक्षा आहे, प्रश्नसंच आधीच मिळतो, तो भाग सोपा वाटतो. पण जे-के मोटरीचं रॉकेट ६२ इंचांत बसवायचं तर नळीचे आणखी तुकडे करावे लागतील आणि प्रत्येक जोड म्हणजे नवी कमजोर जागा. म्हणून ते उड्डाण उन्हाळ्यात, गाडीने जाता येईल अशा मैदानावर करणार आहे. नवऱ्याला हे ऐकून फार बरं वाटलं.